गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींमध्ये नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स बसवणाऱ्या हौशी मंडळींसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी शेवटपर्यंत वाचला. वायरिंगवरचा भाग तर कात्रण काढून ठेवावा असा आहे. क्लचच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाच्या, वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या आहेत. इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच संपला. हेवी ड्यूटी किट बसवून घ्या, एवढाच त्यांचा मतलब. या सल्ल्याने माझ्या हाताला काम मिळते, तेव्हा खरे म्हणजे मी गप्प बसायला हवे होते. ते जमले नाही म्हणून हे पत्र.

मी क्लच प्लेटांना नवे लायनिंग (घासणारे अस्तर) रिव्हेट करते आणि फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाची, तोंडे लेथवर साफ करते. माझ्याकडे गाडी येत नाही, पिशवीतून प्लेट येते. मालक म्हणतो, "घसरत होता, फेसिंग मारून द्या." प्लेट पालथी करून पाहावी, तर रिव्हेटची डोकी अजून चांगली मिलिमीटरभर खोल असतात. म्हणजे लायनिंग पुष्कळ शिल्लक आहे. मालक खोटे बोलत नसतो, क्लच खरोखरच घसरलेला असतो. पण दोष प्लेटबाहेर कुठेतरी असतो आणि गिअरबॉक्स तर उतरवून झालेला असतो. नवी प्लेट बसते, दोष जागेवर राहतो, आणि काही महिन्यांनी तीच पिशवी पुन्हा टेबलावर येते. कंपनीतून आली तशीच राहिलेल्या गाडीत हे क्वचित घडते. फेरफार केलेल्या गाडीत सर्रास घडते, कारण तिच्यातला क्लच हा तीन-चार वेगवेगळ्या गाड्यांच्या भागांनी मिळून केलेला संसार असतो.

मुळात क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतो हे चार आकड्यांवर ठरते: क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, लायनिंगचा घर्षणांक किती, घासणाऱ्या कड्याची सरासरी त्रिज्या किती आणि घासणाऱ्या बाजू किती. समजा दाब ५,००० न्यूटन, घर्षणांक ०.३, त्रिज्या ९ सेंटिमीटर आणि बाजू दोन. गुणाकार केला की २७० न्यूटन-मीटर येतात. मूळ इंजिन १९० देत असेल तर चाळीस टक्के राखीव ताकद हाताशी होती. आता त्याच इंजिनाला टर्बो बसवून कोणी २६० काढले. कागदावर क्लच अजूनही जिंकतो. पण लायनिंग तापून घर्षणांक ०.२५ वर आला की पेलण्याची ताकद २२५ उरते आणि क्लच सुटतो. या गाडीतली प्लेट झिजलेली नाही, तिच्यावर लादलेला हिशेब बदललेला आहे. म्हणून कोणाच्याही गाडीबद्दल मी आधी विचारते ते हे, की इंजिन कुठले, त्याचा टॉर्क किती, प्रेशर प्लेट कुठल्या गाडीची, गिअरबॉक्स कुठला, पेडल आणि पेडलखाली तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर कोणाचे. बहुतेकांना हॉर्सपॉवर तोंडपाठ असते. क्लचला हॉर्सपॉवरशी थेट काही देणेघेणे नाही, त्याला टॉर्क कळतो.

आता घसरणे खरे आहे का, हे आधी पाहावे. हसण्यावारी नेऊ नका. चार सिलिंडरचे इंजिन काढून आठ सिलिंडरचे बसवले आणि जुने टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारे मीटर) तसेच ठेवले, तर काटा दुप्पट फेरे दाखवतो. सहा सिलिंडरचे बसवले तर दीडपट. जुन्या काही मीटरांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन मानवत नाही, काटा मनाला येईल तसा उडतो. टायर बदललेले असतात, डिफरन्शियलची क्राऊन-पिनियन (चाकांना फिरवणारी दातेरी जोडी) बदललेली असते, त्यामुळे स्पीडोमीटरवरही विसंबता येत नाही. वेगासाठी मोबाइलमधला जीपीएस घ्या, सोबत एक माणूस बसवा आणि फेऱ्यांचा हिशेब कागदावर करून निघा. टायर एका फेऱ्यात १.९ मीटर जातो, डिफरन्शियल ३.९ चे आहे (चाकाच्या एका फेऱ्याला अलीकडचे ३.९ फेरे) आणि टॉप गिअर सरळ एकास एक आहे, असे धरू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ७०२ फेरे, म्हणजे इंजिनाचे साधारण २,७४०. हलक्या पायाने त्या वेगाला काटा तिथे असायला हवा. तो दर वेगाला ठरावीक पटीने चुकत असेल तर मीटर किंवा तुमचे आकडे चूक आहेत. हलक्या पायाला बरोबर येतो आणि पाय पूर्ण दाबताच, वेग तेवढाच असताना, तीन हजारांच्या पुढे पळतो, तर काहीतरी नक्की घसरते आहे.

"काहीतरी" म्हणते, कारण ते क्लचच असेल असे नाही. मागची चाके जागेवर फिरत असतील तर तेही असेच भासते. आणि १९५० ते १९७० च्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत, शिवाय काही व्होल्व्होंमध्ये, गिअरबॉक्सच्या मागे लेकॉक द नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड-गिअर) असतो. त्याच्या पोटात स्वतःचा शंकूच्या आकाराचा क्लच आहे आणि तो तेलाच्या दाबावर धरतो. दाब कमी पडला की तो घसरतो आणि शिक्षा बिचाऱ्या पुढच्या क्लचला होते. तपासणी सोपी आहे. ओव्हरड्राइव्ह बंद करून त्याच वेगाला, तेवढाच पाय दाबून पाहायचे. घसरणे थांबले तर गिअरबॉक्सच्या पुढे हात लावायचे कारण नाही.

रस्त्यावरची चाचणी कुठल्या गिअरमध्ये घ्यावी याबद्दल फार गोंधळ आहे. वरच्या गिअरमध्ये घ्या, शक्यतो चढावर, आणि इंजिन जिथे सर्वाधिक टॉर्क देते त्या फेऱ्यांच्या जरा खालून सुरुवात करून. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतक्या झपाट्याने वर जाते की त्याच्या टॉर्कचा मोठा भाग स्वतःच्या क्रँकला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आणि फ्लायव्हीलला वेग देण्यातच खर्च होतो. प्लेटमधून पलीकडे जातो तो उरलेला. टॉपमध्ये इंजिन सावकाश चढते, जवळजवळ सगळा टॉर्क प्लेटवर येतो आणि बराच वेळ येत राहतो. म्हणून घसरायला लागलेला क्लच पहिल्यांदा टॉपमध्ये पकडला जातो आणि खालच्या गिअरमध्ये महिनोन्‌महिने सभ्य वागतो. काटा उडाला की पाय उचला. २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात ५०० फेऱ्यांचा फरक पडला, तर दहा किलोवॉट उष्णता त्या एका तबकडीवर तयार होते. खात्री करायला एकदा पुरे, मित्रांना दाखवायला पुन्हा पुन्हा नको.

हँडब्रेक ओढून, टॉप गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पडते का पाहायचे, ही चाचणी आपल्या लेखातही आहे. मेलेला क्लच ओळखायला ती ठीक. पण त्या वेळी इंजिन कितीसा टॉर्क देत असते? क्लच तेवढा पेलतो म्हणजे पूर्ण टॉर्कही पेलेल असे होत नाही. फेरफार केलेल्या गाडीचे दुखणे नेमके वरच्या टोकाला असते. त्यातून जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर विश्वास ठेवून समोर कोणी उभे राहत असेल तर त्याला आधी बाजूला करा.

घसरणे पक्के झाले की पुढचा प्रश्न: केव्हा? थंड असताना की तापल्यावर? सपाट रस्त्यावर की फक्त जोर लावल्यावर? याचे नीट उत्तर मिळाले तर निम्मे काम झाले.

थंड गाडी ठणठणीत आणि अर्धा तास चालवल्यावर घसरते, अशी तक्रार असेल तर मी आधी पेडलपाशी पाहायला सांगते. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पुढे एक बारीक भोक असते. पेडल मोकळे असताना ते उघडे राहायला हवे, म्हणजे तापून फुगलेले ब्रेक ऑइल परत टाकीत जाते. पेडल-बॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला आणि पुशरॉड दोन-तीन मिलिमीटर लांब राहिला, की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि भोक झाकलेलेच राहते. नवे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारून गेलेले असते, नळी तापते, तेल फुगते, त्याला जायला वाट नसते. ते क्लचपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलते, क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबून बसते, आणि ड्रायव्हरचा पाय पेडलवर नसतानाही कोणीतरी अर्धा क्लच दाबून बसल्यासारखी गाडी चालते. चुकीचे तेल घातल्याने सील फुगले किंवा जुनी रबरी नळी आतून सुजली तरी परिणाम हाच.

याची चाचणी गिअरबॉक्स न उतरवता होते. घसरायला लागलेल्या अवस्थेतच गाडी सपाट जागी थांबवा, इंजिन बंद करा, चाकांना अडण लावा आणि स्लेव्हचे ब्लीडर निप्पल (तेल बाहेर काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेल जोरात पिचकारी मारून आले आणि निप्पल आवळून गाडी पुन्हा चालवल्यावर घसरणे गेले, तर प्लेट निर्दोष आहे. दाब अडकून राहतो आहे. तेल रंगावर उडू देऊ नका, रंग सोलून निघतो. आणि पायपीठाखालचे मॅट एकदा उचलून पाहा. जाड नव्या मॅटमुळे पेडल पूर्ण वर न येणे हेही मी ऐकलेले आहे.

मास्टर सिलिंडर ड्रम ब्रेकचा उचलून क्लचला लावलेला असेल तर त्यातल्या व्हॉल्व्हकडे लक्ष द्या. ड्रम ब्रेकच्या नळीत थोडा दाब कायम राहावा म्हणून तो असतो. क्लचला तो नको. एकट्याने तो क्लच घसरवेलच असे नाही, पण बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे तिचा दाब सोडवणाऱ्या पात्यांवर, दाबून फिरत राहते, आणि राखीव ताकद मुळातच कमी असेल तर तेवढेही पुरते.

केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलचा मोकळा प्ले (क्लचला हात लागण्याआधीची मोकळी हालचाल) आधी पाहावा. लायनिंग झिजते तसतशी प्रेशर प्लेटची बोटे गिअरबॉक्सच्या दिशेने मागे येतात आणि प्ले कमी होत जातो. तो शून्य झाला की बेअरिंग टेकते आणि दाब घटायला लागतो. हे सर्वांना माहीत असते. कमी जणांच्या लक्षात येते ते इंजिनाच्या माउंटचे. बदललेले इंजिन मऊ रबरांवर बसवलेले असते, जोर लावला की ते एका अंगावर कलते आणि केबलचे आवरण ओढले जाते. उभ्या गाडीत प्ले बरोबर, जोर लावला की गायब! मग हा दोष मोजून सापडत नाही. एकाने गाडी जागच्या जागी किंचित ओढत धरायची आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून, पुढे मुळीच नाही, इंजिन किती कलते ते पाहायचे.

जुन्या गाडीला पाच गिअरचा नवा बॉक्स बसवताना हल्ली बऱ्याचदा इनपुट शाफ्टभोवतीच (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याभोवतीच) बसणारे हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग वापरतात. छान वस्तू आहे, पण तिच्या मागे काही मिलिमीटर मोकळी जागा लागते. बसवणाऱ्याने बेअरिंग बोटांना भिडवून ठेवले तर पहिल्या दिवशी क्लच सुरेख चालतो. लायनिंग जरासे झिजले, बोटे मागे यायला लागली, बेअरिंगला मागे सरायला जागा नाही. झाले, क्लच घसरतो. ही प्लेट माझ्याकडे आली की मालकाला मी आधी बेअरिंगची मापे मागते. चिडतात. पण ही मापे गिअरबॉक्स जोडण्याआधीच घ्यायची असतात, नंतर ती फक्त पश्चात्तापाला उपयोगी पडतात.

तेलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फुकट गेलेल्या प्लेटांत सर्वात मोठा गठ्ठा तेलाने भिजलेल्यांचा असतो. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाला बहुतेक जुन्या गाड्यांत एक भोक असते. काहींत त्यात एक पिन सैल लटकत ठेवलेली असते, हलत राहून भोक तुंबू नये म्हणून. कोणीतरी हौसेने रंग देताना ते बुजवतो आणि गळणारे तेल बाहेर पडायचे सोडून आत साचते. आधी ते भोक मोकळे करा, काय येते पाहा. गिअरच्या ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. पण काही जुन्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालतात, तिथे नाक उपयोगी पडत नाही. मग डाग कुठून कुठे पसरला आहे ते पाहावे लागते. फ्लायव्हील क्रँकपाशी मधोमध ओले असेल तर तेल इंजिनाकडून आले. प्लेटचा हब (मधला भाग) आणि इनपुट शाफ्ट ओला असेल तर गिअरबॉक्सकडून.

एका गृहस्थांची प्लेट माझ्याकडे वारंवार यायची. दर वेळी काळीकुट्ट, तेलाने चमकणारी. गाडी जुनी, चार सिलिंडरची, मूळ कार्ब्युरेटर काढून दोन मोठे आडवे कार्ब्युरेटर बसवलेले. एका वर्कशॉपने त्यांना मागचे सील बदलून दिले होते, तरी तेल येतच होते. मी म्हटले, प्लेट राहू दे, फ्लायव्हील आणा आणि इंजिनाचे चार फोटो आणा. फ्लायव्हील मधोमध ओले होते. फोटोत इंजिनाच्या कुशीला एक आखूड नळी दिसली, तिच्या तोंडात बोल्ट ठोकलेला. मूळ कार्ब्युरेटरला जाणारी ती श्वासनळी. नव्या कार्ब्युरेटरला तिच्यासाठी जागाच नव्हती म्हणून बंद केलेली. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट उरली नाही, क्रँककेसमध्ये दाब साठला आणि तेलाने मागची वाट धरली. जुन्या काही इंजिनांत तर मागे रबरी सील नसतेच. क्रँकवर उलट्या आट्यांची खाच असते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहिला तरच ती तेल धरते. अशा इंजिनाची श्वासनळी बंद करणे म्हणजे तेलाला क्लचचा पत्ता देणे. इंजिन मंद चालत असताना तेल भरायच्या तोंडावर कागदाचा तुकडा ठेवून पाहायला सांगितले. तो उडाला. नळी व्हॉल्व्हमार्गे इनटेकला जोडल्यावर कागद हलकेच चिकटायला लागला. मग मी त्यांना नवे लायनिंग मारून दिले. ते गृहस्थ पुढे माझ्याकडे आले, पण ब्रेकच्या कामाला.

आणखी एक चोरवाट म्हणजे फ्लायव्हीलचे बोल्ट. काही इंजिनांत त्यांची भोके थेट क्रँककेसमध्ये उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावावेच लागते. दुसऱ्या गाडीच्या इंजिनावर काम करणाऱ्याला हे ठाऊक नसले तर सील पुन्हा पुन्हा बदलले जाते आणि बोल्टकडे कोणी पाहत नाही. भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवण्याचा सल्ला ऐकू नये. वरचे तेल जाते, आत मुरलेले पहिल्या तापाला वर येते.

आता माझ्या लेथवरच्या गोष्टी. काही फ्लायव्हील सपाट असतात, काहींना पायरी असते: प्लेट बसते ते तोंड एका पातळीवर आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कड दुसऱ्या पातळीवर. पायरीवाल्या फ्लायव्हीलचे फक्त आतले तोंड घेतले, समजा अर्धा मिलिमीटर, तर प्लेट तेवढी आत गेली आणि स्प्रिंगचा दाब घटला. कडही तेवढीच घ्यावी लागते. हे न करणारे लेथवाले आहेत, आणि त्यांनी केलेल्या कामाचा दोष नव्या किटवर जातो. जुन्या, कॉइल स्प्रिंगांच्या प्रेशर प्लेटमध्ये लायनिंग झिजेल तसा दाब सरळ कमी होत जातो. डायफ्राम स्प्रिंगमध्ये (थाळीसारख्या एकाच स्प्रिंगमध्ये) तो आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो. म्हणून कॉइलवाला क्लच बरेच दिवस कुरकुरत सूचना देतो, डायफ्रामवाला शेवटपर्यंत गप्प असतो.

प्लेट उलटी बसवणे हा प्रकार तुम्हाला अशक्य वाटेल. एका इंजिनाची तबकडी आणि दुसऱ्या गिअरबॉक्सचा हब जोडून केलेल्या प्लेटवर "फ्लायव्हील साइड" असा शिक्का नसतो. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो, लायनिंग पूर्ण दाबले जात नाही आणि गाडी पहिल्या दिवसापासून घसरते. बोल्टांच्या डोक्यांवरचे चकचकीत ओरखडे मी ओळखते. निळे डाग पडलेले, बारीक भेगा गेलेले फ्लायव्हील म्हणजे घसरणे जुने आहे. लायनिंग काचेसारखे चमकते, पण जाडी शाबूत आहे, तर ते भाजलेले आहे, झिजलेले नाही.

हेवी ड्यूटी किटला माझा विरोध नाही. टॉर्क खरोखर वाढवला असेल तर दाब वाढवावा लागतो किंवा व्यास, नाहीतर लायनिंग बदलावे लागते. पण दाब वाढवला की पेडल जड होते, आणि पेडल दाबताना तो सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो. तो सोसायला क्रँकपाशी दोन पातळ थ्रस्ट वॉशर असतात. सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय असलेल्यांनी याचा विचार करावा. पेडल हलके करायला कोणी छोटा मास्टर सिलिंडर लावतो, मग क्लच पुरता सुटत नाही. तो सुटावा म्हणून दुसरा कोणी मोठा लावतो. १६ मिलिमीटरचा पिस्टन १९ चा केला तर त्याच पेडलला ४१ टक्के जास्त तेल ढकलले जाते आणि डायफ्रामची बोटे मर्यादेपलीकडे वाकतात. धातूच्या पाकळ्यांची, शर्यतीच्या गाड्यांतली प्लेट रस्त्यावर झटका देत धरते. त्या झटक्याने क्लच वाचतो, पण जुना डिफरन्शियल किंवा मागचा ॲक्सल जातो. आणि नवे साधे लायनिंग पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवावे, तोंडे एकमेकांना लागायला वेळ लागतो. बसवल्या दिवशी चढावर पूर्ण जोर लावून "घसरतोय" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते.

एक सूचना आपल्या लेखात यायला हवी होती. जुन्या क्लच लायनिंगमध्ये बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतो. बेलहाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. माझ्या टेबलावर प्लेट ओल्या पिशवीत आली तर मला आनंदच होतो.

लेखकाने पुढच्या लेखात क्लचवर निदान अर्धा रकाना द्यावा, आणि त्यात पेडल, निप्पल, श्वासनळी ही गिअरबॉक्सच्या आधी यावीत, एवढी विनंती. आणि हे छापलेत तर एक ओळ जरूर राहू द्या: प्लेट लायनिंगला पाठवताना फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबत पाठवा, न पुसता, आणि इंजिन व गिअरबॉक्स कुठल्या गाडीचे आहेत ते चिठ्ठीवर लिहा.

आपली,
क्लच प्लेटांचे काम करणारी एक वाचक